अपरिमेय सिद्ध करताय? या चुका टाळा

√2 अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकात मांडता येत नाही, हे सिद्ध करा म्हटलं, की काही पोरं लगेच कॅल्क्युलेटर काढतात. 1.41421356 लिहायचं आणि खाली 'आवर्तन नाही, म्हणून अपरिमेय'. 1/17 करून बघा की, ती तर परिमेय आहे. तिथलं आवर्तन, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा अंकांचा गट, 16 अंकांचं असतं, साध्या कॅल्क्युलेटरवर तेही दिसत नाही.

पण डोकं फिरतं ते पाठांतरानं. राजारामपुरीतला क्लास, नववीची बॅच. सिद्धता सगळ्यांना तोंडपाठ: √2 = अ/ब, अ² = 2ब², अ² ला 2 ने भाग जातो म्हणून अ लाही जातो, मग तसाच ब लाही, आणि तिथं विसंगती. मी म्हटलं, आता √4 अपरिमेय आहे हे सिद्ध करा. एकानंही मान वर केली नाही. 2 च्या जागी 4 घातले आणि सगळ्यांनी √4, म्हणजे सरळसरळ 2, अपरिमेय करून दाखवला! शिवाजी पेठेतला एकजण उलट मलाच म्हणतो, "सर, पद्धत तर तीच हाय की ओ!"

तीच आहे, म्हणूनच घात झाला. 36 ला 4 ने भाग जातो, 6 ला जातो का? 'वर्गाला जातो म्हणजे संख्येलाही जातो' हे 2, 3, 5 अशा मूळ संख्यांना बिनघोर चालतं, 4 किंवा 12 ला नाही. √12 आला तर आधी 2√3 करा. आणि 2 साठीसुद्धा कारण लिहा: अ विषम असता तर (2क + 1)² = 4क² + 4क + 1, म्हणजे वर्गही विषमच. एवढी ओळ लिहायची पोरांच्या जिवावर येते. मी तर कुठलीही सिद्धता आली की तिच्यात 4 घालून बघतो. बिनबोभाट पार पडली, तर नक्की चुकलीय.

अ आणि ब सहमूळ आहेत, म्हणजे 1 सोडून दोघांनाही भागणारी संख्या नाही, हे सुरुवातीलाच लिहा. नाहीतर शेवटी दोघांनाही 2 ने भाग गेला, तर बिघडलं काय?

3 + 2√5 चा वर्ग करत बसू नका. ती परिमेय क्ष धरा, मग √5 = (क्ष − 3)/2, म्हणजे √5 सुद्धा परिमेय ठरेल, आणि तिथंच विसंगती. √5 अपरिमेय असल्याचं मात्र आधी सिद्ध झालेलं हवं.

'अपरिमेय अधिक अपरिमेय म्हणजे अपरिमेयच' म्हणणाऱ्यांनी (2 + √3) + (2 − √3) करून बघावं. √2 + √3 चा मात्र वर्ग करा: 5 + 2√6. आता √6 अपरिमेय आहे एवढं दाखवलं की झालं. 6 मूळ संख्या नाही म्हणून अडायचं कारण नाही, 2 लाच धरा. अ² = 6ब², म्हणून अ सम; अ = 2क घातलं की 2क² = 3ब², म्हणजे ब सुद्धा सम.