संस्थेच्या अध्यक्षांना निरोप देताय? या चुका टाळा

आमच्याकडे धुळे-जळगाव पट्ट्यात एखाद्या वाचनालयाचे सचिव नाहीतर संस्थेचे अध्यक्ष पायउतार व्हायचे असले की समितीतल्या पोरांचा फोन येतो, "भाऊ, सरांच्या नावाने काहीतरी साहित्य-संस्कृतीचं करायचंय." हेतू चांगलाच असतो, घोळ पुढे होतो आणि दरवेळी तोच होतो.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे गौरव अंक. एका तालुक्याच्या गावातले वाचनालयाचे सचिव, सगळे त्यांना आबा म्हणायचे, आयुष्यभर खेड्यापाड्यात फिरून म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या आणि आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी अहिराणी बोलीत रेकॉर्ड करत राहिले. ते पद सोडताना समितीने जाडजूड गुळगुळीत अंक काढला, अर्ध्या पानांवर ज्वेलर्स आणि खतवाल्यांच्या जाहिराती, उरलेल्यात "आबा म्हणजे वटवृक्ष" छापाचे लेख, आणि अख्ख्या अंकात ओवी एकही नाही. उरलीसुरली वर्गणी मंडप, फ्लेक्स आणि वरण-बट्टीत गेली. कॅसेटी त्या सगळ्या काळात वाचनालयाच्या माळ्यावर, तापलेल्या पत्र्याखाली. पुढे कोणीतरी डिजिटल करायला काढल्या तर बऱ्याचशांना बुरशी, काहींची टेप चिकटलेली, आणि गाणाऱ्या बाया तर केव्हाच गेलेल्या. अंकाचे गठ्ठे मात्र शाबूत आहेत, त्यांना वाळवीसुद्धा लागत नाही.

माझी पद्धत साधी आहे. पावतीबुक छापायच्या आधी त्या माणसाच्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि सरळ विचारायचं, "आबा, तुम्हले काय जोयजे?" कोणतं काम अर्धं राहिलं ते विचारायचं आणि पैसा तिकडे वळवायचा. सरप्राईजवाल्यांना हे पटत नाही. सरप्राईज वाढदिवसाला द्या ना. आणि हे काही मी नवीन सांगत नाहीये, इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले आणि १९२७ मध्ये तिथल्या लोकांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळच उभं केलं, त्यांनी जमवलेली कागदपत्रं जपायला आणि काम पुढे न्यायला. शंभरी आली त्याला.

दुसरा आवडता प्रकार म्हणजे स्टेजवरून व्याख्यानमाला जाहीर करणं. माईक हातात आला की कोणीतरी "दरवर्षी तीन दिवस!" ठोकून देतो, टाळ्या पडतात, हिशोब कोणीच करत नाही. एक लाख रुपये ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचे सात हजार येतात, त्यात पुण्याच्या वक्त्याचं जाणं-येणं, मुक्काम, मानधन, हॉल आणि साऊंड बसवून दाखवा. पहिल्या वर्षी दणक्यात, दुसऱ्या वर्षी एकच दिवस, तिसऱ्या वर्षी "काही अपरिहार्य कारणास्तव". त्यापेक्षा वर्षाला एकच व्याख्यान ठेवा आणि वक्ता जवळचा बोलवा. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये नुसत्या तत्त्वज्ञानासाठी केंद्र काढलं होतं, तेव्हा आपल्या भागात बोलणारी माणसं नाहीत हे मला सांगू नका. आणि एखादं व्याख्यान अहिराणीत होऊ द्या की, हॉल जास्त भरेल.

पैशांचं थोडक्यात. देणगीदाराकडून "ही रक्कम कायम निधीसाठी" असं लेखी घ्या, नाहीतर ती साधी देणगी धरली जाते आणि पुढची कमिटी रंगरंगोटीत उडवून मोकळी होते. व्याज जास्त मिळतंय म्हणून ओळखीच्या पतसंस्थेत टाकू नका, जळगाव जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको, ठेवी अडकलेलं कोणी ना कोणी प्रत्येकाच्या ओळखीत आहे. राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी करा आणि झोपा. "८०जी मिळेल", म्हणजे देणगीवर टॅक्समध्ये सूट मिळेल, असं म्हणण्याआधी संस्थेचं सर्टिफिकेट चालू आहे का बघा. दोन हजारांच्या वर रोख दिली तर त्यावर सूट मिळत नाही, आणि नवीन टॅक्स पद्धतवाल्याला तर तिचा काहीच उपयोग नाही.

मे महिन्यात दुपारचा कार्यक्रम नको.

आमदारांसाठी दोन तास थांबू नका, सुरू करा.

मावळत्या अध्यक्षांना "आजीव मार्गदर्शक" करून कमिटीत बसवू नका, नवीन माणूस शिपायाची रजासुद्धा त्यांना विचारून मंजूर करतो.

आणि घाई. परवाच एका पोराने विचारलं, "भाऊ, पंधरा दिवसांत होईल ना सगळं?" होईल की म्हटलं, शाल-श्रीफळ.