मोठ्या फाइलवर बॅकअप अडतोय? या चुका टाळा

शनिवारी सकाळी क्रॉनची (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) मेल आली होती, ‘बॅकअप झाला’. सोमवारी कुणाला तरी जुनं टेबल हवं होतं म्हणून रिस्टोअर करायला बसलो, तर टार (फाइली एका आर्काइव्हमध्ये बांधणारं आणि उघडणारं युनिक्सचं टूल) मध्येच म्हणालं, ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल’. १ टीबीची यूएसबी डिस्क, त्यातली बरीचशी मोकळी. मग एलएस (फाइलींची यादी देणारी कमांड) मारून आर्काइव्हची साइझ नीट बाइटमध्ये बघितली: ४,२९,४९,६७,२९५. आकडा बघितल्याबरोबर कपाळावर हात मारला. डिस्क दुकानातून आणली तशीच, फॅट३२ या जुन्या फाइलसिस्टममध्ये, जोडली होती आणि फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीला एक बाइट कमी, इतकीच मोठी होऊ शकते.

‘बॅकअप झाला’ हे कोण म्हणालं? मीच. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत तो मजकूर छापणारा इको लिहून ठेवला होता, आणि टारचे एरर आदल्या ओळीत डेव्ह-नलमध्ये, म्हणजे युनिक्सच्या कचरापेटीत, ढकलले होते, मेलमध्ये कचरा नको म्हणून. ही पहिली चूक आणि सगळ्यात महागडी. एरर फाइलमध्ये साठवा, टारचा एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे यशस्वी) तपासा, आणि शून्य असेल तरच ‘झाला’ म्हणा. टारचं आउटपुट पाइपने जीझिपला (फाइल दाबून लहान करणाऱ्या टूलला) देत असाल तर शेलला शेवटच्या कमांडचाच कोड दिसतो. टार मेलं तरी जीझिप खुशीत शून्य देतं. बॅश शेलमध्ये पाइपफेल चालू करा, म्हणजे मधली कमांड मेली तरी कळतं.

दुसरी चूक म्हणजे अडल्या अडल्या टारला शिव्या घालणं किंवा नवीन टूल शोधायला निघणं. आधी फाइल नेमकी कुठल्या आकड्यावर थांबली ते बघा. एलएसचा एच पर्याय इथे वापरू नका, तो आकडा गोल करून सांगतो आणि पुरावाच पुसून टाकतो. दोषी कोण, हे बहुतेक वेळा तो आकडाच सांगतो.

२,१४,७४,८३,६४७ वर थांबली, तर ३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकाची मर्यादा लागली. युनिक्स विक्रेत्यांनी १९९६ च्या सुमाराला ‘लार्ज फाइल समिट’मध्ये यावर तोडगा काढला, पण ३२ बिटांवर प्रोग्रॅम कंपाइल करताना फाइल ऑफसेट (फाइलमधली जागा सांगणारा आकडा) ६४ बिटांचा मागावा लागतो. तो न मागता बांधलेली एखादी जुनी बायनरी युजर-लोकल फोल्डरमध्ये पडलेली असते आणि पाथमध्ये, म्हणजे शेल कमांड शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, ती आधी सापडते. ‘व्हॅल्यू टू लार्ज फॉर डिफाइन्ड डेटा टाइप’ हा तिचा नेहमीचा सूर.

आता खुद्द टार. टारमध्ये प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइटचा हेडर असतो. त्यात साइझसाठी १२ बाइट, आणि त्यात आकडा लिहायचा तो अष्टमान पद्धतीत, ११ अंकी. ११ अष्टमान अंकांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या ८,५८,९९,३४,५९१, म्हणजे ८ जीबीला एक कमी. ही मर्यादा आतल्या एकेका फाइलची आहे, पूर्ण आर्काइव्हची नाही. १ जीबीच्या शंभर फाइली बिनबोभाट जातात आणि ९ जीबीची एकच डंप फाइल अडते, ते म्हणूनच. ग्नू टारला (लिनक्सवरच्या नेहमीच्या टारला) यूस्टार हा जुना फॉरमॅट सक्तीने दिला की ते हाच आकडा दाखवून ‘आउट ऑफ ऑफ-टी रेंज’ म्हणतं.

यावर उपाय दोन. ग्नू टारचा स्वतःचा फॉरमॅट मोठी साइझ त्याच १२ बाइटांत बायनरीमध्ये कोंबतो. पण हा त्याचा खासगी करार. दुसऱ्या युनिक्सवरच्या जुन्या टारला तो कळेलच असं नाही. २००१ च्या पॉसिक्स या युनिक्स मानकातला पॅक्स फॉरमॅट साइझ वेगळ्या जादा हेडरमध्ये साध्या दशमान आकड्यांत लिहितो, तिथे अंकांची टंचाईच नाही. वेगवेगळ्या मशीनवर उघडायचं आर्काइव्ह असेल तर मी डोळे मिटून पॅक्स निवडतो. सोलारिस या युनिक्सचं टार तर बिचारं स्वतःच सांगतं की जादा हेडरसाठी मोठ्या अक्षरातला ई पर्याय लावा.

सीपीआयओ हे टारसारखंच दुसरं टूल वापरणाऱ्यांनी जास्त जपावं. त्याच्या न्यूसी फॉरमॅटमध्ये साइझला ८ षोडशमान अंक, म्हणजे ४ जीबीलाच कुंपण. जुन्या ओडीसी फॉरमॅटमध्ये ११ अष्टमान अंक, म्हणजे ८ जीबीला. ग्नू सीपीआयओ ‘फील्ड विड्थ नॉट सफिशियंट’ असं म्हणून ती फाइल गाळतं आणि पुढच्या फाइलींकडे वळतं. आर्काइव्ह तयार होतं, उघडतंही, फक्त तुमची सगळ्यात मोठी फाइल त्यात नसते. झिपलाही झिप६४ ही मोठ्या फाइलींची सोय नसेल तर ४ जीबीची मर्यादा आहे, आणि ती सोय नसलेल्या अनझिप ५ च्या काळातली मशीन अजून कुठेतरी जिवंत असतात.

हाताने चालवलं की चालतं आणि क्रॉनमधून मरतं, असं असेल तर यूलिमिट (युजरवर सिस्टमने घातलेल्या मर्यादा दाखवणारी कमांड) बघा, पण क्रॉनच्या आतून. आयबीएमच्या एआयएक्स युनिक्सवर फाइल साइझची डिफॉल्ट मर्यादा २०,९७,१५१ ब्लॉक, ५१२ बाइटचा एक, म्हणजे जेमतेम १ जीबी. बॅकअप घेणाऱ्या युजरची ती मर्यादा उठवा.

एक उलटी चूकही होते, चांगला बॅकअप वाईट समजून फेकून देण्याची. जीझिप फाइलच्या शेवटी मूळ साइझ ३२ बिटांतच लिहितं, त्यामुळे ५ जीबीची फाइल दाबली तर जुन्या जीझिपची यादी मूळ साइझ १ जीबी दाखवते. डेटा शाबूत असतो. २०२२ च्या १.१२ आवृत्तीपासून यादी खरा आकडा देते. त्याआधीच्या मशीनवर झेडकॅटने फाइल उलगडून आउटपुट डब्ल्यूसी या मोजणाऱ्या कमांडला द्या आणि बाइट मोजा. वेळ लागतो, लागू द्या.

आणि सराव म्हणून टारचं आउटपुट डेव्ह-नलला देऊन वेळ मोजू नका. ग्नू टार ते ओळखतं आणि फाइली वाचतच नाही. २०० जीबी दोन सेकंदांत! मीही एकदा खूश झालो होतो. मध्ये कॅट (मिळालेला डेटा तसाच पुढे देणारी कमांड) घाला, म्हणजे टारला डेव्ह-नल दिसत नाही.

डिस्क फॅट३२ च ठेवावी लागत असेल, कारण ती कुणाच्या तरी जुन्या मशीनलाही लावायची आहे, तर स्प्लिट कमांडने ३,९०० एमबीचे तुकडे करा आणि परत कॅटने जोडा. तुकड्यांसोबत चेकसमची (डेटा बदलला का हे पडताळणाऱ्या आकड्यांची) फाइल ठेवा. एखादा तुकडा कॉपी करायचा राहिला तर ते रिस्टोअरच्या रात्री कळायला नको.

नवीन सर्व्हरवर मी आता पहिल्याच दिवशी ट्रंकेट कमांडने ९ जीबीची पोकळ फाइल बनवतो. ती डिस्कवर जवळजवळ जागाच घेत नाही, आणि दाबली की काही एमबीची होते. ती ठरलेल्याच स्क्रिप्टने, क्रॉनमधूनच आर्काइव्ह करतो आणि जिथे रिस्टोअर होणार त्या मशीनवर उघडून बाइट मोजतो. ९,६६,३६,७६,४१६ आले की फाइल पुसतो. त्या यूएसबी डिस्कवर आता ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टम आहे, आणि इकोची ओळ एक्झिट कोडच्या इफमध्ये गेली आहे.