ताप उतरेना, कारण बाटली जुनी होती

जुलैची झड लागलेली, रंकाळा भरत आलेला, आणि माझा आठ वर्षांचा लेक शाळेतून आला तोच फणफणत. 103 ताप, अंग ठणकतंय, कोरडा खोकला. फ्लूच होता. घरातलं पॅरासिटामॉल पाच मिली दिलं, तरी रात्रभर पारा 102 च्या खाली येईना. सासूबाईंनी मायेनं दोन गोधड्या घातल्या, त्यानं तो जास्तच तापला.

सकाळी राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी आधी वजन केलं: 24 किलो. मग बाटली बघितली. ती तो लहान असतानाची, 5 मिलीत 125 मिलिग्रॅमची. म्हणजे डोस निम्माच जात होता! औषध वयावर नाही, वजनावर ठरतं. किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. 250 ची बाटली घेतली, तेवढंच पाच मिली, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. तासाभरात कपाळावर घामाचे थेंब दिसले आणि माझा जीव भांड्यात पडला. अँटिबायोटिक दिलंच नाही. विषाणूवर ते चालत नाही. ॲस्पिरिन तर मुलांना अजिबात नको, असंही त्यांनी बजावलं.

गोधड्या काढल्या, सुती सदरा घातला. जेवण जाईना, म्हणून मीठ-तूप घातलेली तांदळाची पेज चमच्या-चमच्यानं दिली. लघवी होतेय ना, धाप लागत नाही ना, एवढं मात्र डोळ्यांत तेल घालून बघत होते.

चौथ्या दिवशी औषधाविना पूर्ण 24 तास ताप नव्हता. पाचव्या दिवशी शाळेत धाडला.