तुमचा दम, जोडीदाराची हवा

हवा संपत आल्याची माझी शिट्टी जोडीदाराच्या आधी वाजली तो दिवस मी विसरलेलो नाही. खरी आग नव्हती, अग्निशमन दलातला आमचा साधा सराव होता. पाठीवर बी.ए. सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचं हवेचं सिलिंडर आणि मुखवटा, खांद्यावर गुंडाळलेला होज, म्हणजे पाण्याचा पाइप, आणि चौथ्या मजल्यापर्यंत आठ फेऱ्या. सहाव्या फेरीतच माझ्या सेटची शिट्टी सुरू झाली. जोडीदाराच्या गेजवर, म्हणजे हवेचा दाब दाखवणाऱ्या मापकावर, तेव्हा 130 बार शिल्लक. आमच्यात नियम असा की जोडीत ज्याची हवा कमी, त्याच्या हिशोबानं दोघंही बाहेर. खरी वर्दी, म्हणजे मदतीची हाक, असती तर त्याची उरलेली हवा माझ्या पोटाच्या घेरापायी फुकट गेली असती. नोकरीला अकरा वर्षं झाली होती आणि मी अजून भरतीच्या वेळच्या धावण्याच्या गप्पा मारत होतो.

हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. 6 लिटरचं सिलिंडर 300 बारला भरलं की ढोबळमानानं 1800 लिटर हवा. अनेक सेटांची शिट्टी 55 बारच्या आसपास वाजते, म्हणजे तिच्या आधी वापरायला मिळते साधारण 1470 लिटर. मिनिटाला 40 लिटर ओढणाऱ्याला ती 36 मिनिटं पुरते, 80 लिटर ओढणाऱ्याला 18. सिलिंडर तेच, छाती वेगळी.

म्हणून सुरुवात दमापासून. आठवड्यातून तीनदा 40 मिनिटं, पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगानं पळा. ते जमत नसेल तर झपाझप चाला. गाणं म्हणता येत असेल तर मात्र फारच रेंगाळताय. नव्या पोरांना हे पटत नाही. त्यांना घामानं थबथबल्याशिवाय व्यायाम झाल्यासारखा वाटतच नाही. पण असं संथ काम महिनोन् महिने केलं की हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, आणि तोच जिना कमी धापेत चढता येतो.

मग जिना. आठवड्यातून एकदाच. पाठीवर 8 किलोपासून सुरुवात करा आणि दर दोन आठवड्यांनी 2 किलो वाढवा. ज्या आठवड्यात वजन वाढवलं त्या आठवड्यात मजले वाढवायचे नाहीत. कठडा धरायचा नाही. चढताना पाऊल पायरीवर पूर्ण टेकवा. उतरताना घाई करू नका, कारण गुडघा चढताना गप्प बसतो आणि उतरताना बोंबलतो. हे मला कसं कळलं? त्या शिट्टीनंतर मी ईर्ष्येनं थेट 20 किलो बांधलं. तिसऱ्या आठवड्यात लंगडत होतो आणि पुढचे सहा आठवडे टेबलावर बसून नोंदवह्या भरत होतो.

अमेरिकेत आणि कॅनडात फायरमनच्या भरतीसाठी सीपॅट नावाची चाचणी बऱ्याच ठिकाणी घेतात. आठ कामं, एकूण वेळ 10 मिनिटं 20 सेकंद, अंगावर 22.7 किलोचं जाकीट. पहिलंच काम जिन्याचं, त्यात खांद्यावर आणखी 11.3 किलो. पुढची सात कामं त्याच थकल्या पायांवर करायची. ज्यानं ही चाचणी आखली त्याला आमचं काम नीट ठाऊक असणार.

ताकदीला दोन दिवस पुरेत. जमिनीवरून जड वस्तू उचलणं, एका हातात वजन घेऊन चालणं आणि वाळूची गोणी उलट्या पावलांनी ओढत नेणं. बेशुद्ध माणूस गोणीसारखाच असतो, धरायला कुठे काही सापडत नाही. दंड फुगवायचे तर जरूर फुगवा, पण ते आरशासाठी. आणि प्रत्येक खेपेला अजून दोनदा उचलता येईल इतका जोर शिल्लक असतानाच थांबा. व्यायाम संपून दहा मिनिटं होत नाहीत तोच वर्दी येते, आणि तेव्हा थरथरते पाय घेऊन गाडीत चढणारा जोडीदार कुणालाच नको असतो.

फौजेतल्या मित्रांची दुखणी वेगळी. त्यांच्या पाठीवर पिशवी तासन् तास असते. पिशवीसह चाला, सरावात पळू नका. नडगीच्या हाडावर एका बोटानं दाखवता येईल अशी एकाच जागी दुखणारी कळ असेल आणि विश्रांतीतही ती ठणकत असेल, तर ‘चालून चालून मोकळं होईल’ म्हणू नका. हाडाला बारीक चीर असू शकते. डॉक्टरांना दाखवा आणि वरिष्ठांना त्याच दिवशी सांगा. लपवलेलं दुखणं चार आठवड्यांच्या सुट्टीचं चार महिन्यांच्या सुट्टीत रूपांतर करतं.

रुग्णवाहिकेवरच्यांनी गुडघ्यांवर बसून सराव करावा. हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबायची ती मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. सरावाच्या पुतळ्यावर दोन मिनिटं दाबा, दोन मिनिटं थांबा, असं पाच वेळा करा. कोपर ताठ ठेवले नाहीत तर तिसऱ्या फेरीतच दंड सांगतील.

रात्रपाळीनंतर जड व्यायाम नाही. आधी झोप, मग हवं तर वीस मिनिटं चालणं. पाळी संपायच्या शेवटच्या पाच-सहा तासांत चहा-कॉफी टाळली की दिवसाची झोप जरा बरी लागते. पाळीत डुलकी मिळालीच तर वीस मिनिटांची घ्या. तासाभरानं उठवलं तर डोकं जड राहतं आणि पुढची काही मिनिटं आपण कुठल्या मजल्यावर आहोत हेही धड कळत नाही. वाईट वर्दीवरून परतल्यावर काही जण थेट वजनांवर तुटून पडतात. मी त्यांना आधी गाडी धुवायला लावतो, दोघांदोघांनी, गप्पा मारत.

दर तीन महिन्यांनी तोच जिना, तोच सेट आणि तेवढ्याच फेऱ्या. गेज स्वतः वाचायचं नाही. जोडीदारानं वाचायचं, मोठ्यानं आकडा सांगायचा आणि वहीत लिहायचा. माझ्या वहीत पहिल्या ओळीत सहाव्या फेरीपुढे 55 आहे. दीड वर्षानंतरच्या ओळीत आठवी फेरी संपताना 90. तो आकडा माझ्या त्याच जोडीदाराच्या अक्षरात आहे, आणि पुढे कंसात त्यानं लिहिलंय : ‘पोट अजून आहे.’