भाड्याचं घर सोडण्याआधी गालिचा स्वच्छ करताना

फर्निचरसह भाड्याने घेतलेल्या घराच्या करारात वस्तूंचं परिशिष्ट असतं. पंखे, गिझर, सोफा, आणि बहुतेक वेळा ‘गालिचा, एक नग’. पंख्याला पुसून भागतं, गालिच्याला नाही. डिपॉझिट कापायच्या वेळी घरमालकाची नजर आधी त्याच्यावरच जाते. डागांनी जितके गालिचे खराब होतात, त्याहून जास्त शेवटच्या दोन दिवसांत बादलीभर पाणी ओतून धुतल्याने होतात. म्हणून हे काम टेम्पो यायच्या आठ-दहा दिवस आधी काढा. धुणं अर्ध्या दिवसाचं असतं, पण डागांना दोन-तीन फेऱ्या लागतात आणि वाळण्याची घाई चालत नाही.

नागपुरात महिना कोणता आहे यावर बरंच ठरतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचे. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की हलका ओला केलेला गालिचा सावलीत संध्याकाळपर्यंत वाळतो. मात्र पारा ४५ च्या आसपास असताना त्याला थेट उन्हात टाकलं तर रंग उडतो आणि पाठीवरचं रबर कडक होऊन तडकतं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत घरी ओलं काम करूच नका. त्या दिवसांत तळ वाळत नाही, कुबट वास बसतो, आणि तो नंतर कशानेच जात नाही.

आधी गालिचा कशाचा आहे ते ओळखा. उलटा करून पाठ बघा. समोरची नक्षी पाठीवरही तशीच दिसत असेल आणि गाठी मोजता येत असतील, तर तो हाताने विणलेला आहे. पाठीवर जाड कापड चिकटवलेलं असेल, तर तो टफ्टेड. त्याचे धागे आत डिंकासारख्या लेटेक्सने धरलेले असतात. पाणी मुरलं की लेटेक्स सुटतं, कापडाला फुगे येतात आणि काही महिन्यांनी खालून पांढरी भुकटी गळायला लागते. घराघरांत दिसणारे बरेचसे गालिचे या जातीचे असतात.

धाग्यासाठी कडेचे दोन-तीन तंतू कापा, चिमट्यात धरून सिंकवर पेटवा. जळक्या केसांचा वास आणि बोटांत चुरडणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन किंवा पॉलिएस्टर. जळक्या कागदाचा वास आला तर सुती, ज्यूट किंवा व्हिस्कोस. व्हिस्कोस रेशमासारखं चमकतं, पण ओलं झालं की कमजोर होतं, पिवळं पडतं आणि चमक परत येत नाही. ज्यूट ओलं झालं की तपकिरी डाग धरतं. हे दोन निघाले तर घरी फक्त धूळ काढा, बाकीचं काम जाणकाराला द्या.

मग धूळ. इथे आळस केला की पुढचं सगळं पाण्यात जातं, कारण तळातली माती ओली झाली की चिखल होतो. नागपूरची धूळ बारीक असते आणि धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसते. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर आधी पाठीवरून फिरवा, मग समोरून दोन वेळा उभा, दोन वेळा आडवा. नसेल तर गच्चीवर जुनी चादर अंथरा, गालिचा त्यावर पालथा घाला आणि वेताच्या काठीने किंवा बॅटच्या सपाट बाजूने पाठीवर थापट्या मारा. उचला, चादर झटका, पुन्हा घाला. चादरीवर धूळ पडायची थांबेपर्यंत हे चालू ठेवा. लेटेक्सच्या गालिच्याला हलक्या हाताने मारा. कठड्यावर टाकून जोरात झोडपू नका, मधोमध घडीची रेघ पडते. शेजाऱ्यांचे कपडे वाळत असतील तर आधी विचारा.

वास घालवायला बेकिंग सोडा टाका असं सगळीकडे सांगतात. व्हॅक्यूम असेल तरच टाका. पाच बाय सातच्या गालिच्याला दीडशे ते दोनशे ग्रॅम पुरतो, चार-पाच तासांनी खेचून घ्या. नुसत्या झाडूने तो निघत नाही. मुळाशी राहतो आणि पुढे पाणी लागलं की पांढरा थर होतो.

आता डाग. धुण्याच्या आधी डाग, हाच क्रम ठेवा. कोणतंही द्रावण आधी सोफ्याखाली जाणाऱ्या कोपऱ्यावर तपासा: पांढरा कपडा त्यात भिजवून दोन मिनिटं दाबून धरा. कपड्यावर रंग उतरला तर घरी ओलं काम नाही. आणि डाग घासायचा नसतो, टिपायचा असतो, कडेकडून मधे. घासलं की डाग पसरतो आणि धाग्याची टोकं पिंजारतात. डाग गेला तरी तिथे चट्टा दिसत राहतो.

नागपुरी घरातला पहिला डाग तर्रीचा. त्यात तीन वेगळे डाग एकत्र असतात: तेल, तिखटाचा रंग आणि हळद. सुकलेला भाग चमच्याच्या कडेने खरवडा. वर कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर टाका, अर्धा तास तेल शोषू द्या, झटकून टाका. पाव लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा भांडी घासायचं लिक्विड घालून कपड्याने टिपा, मग साध्या ओल्या कपड्याने, मग कोरड्याने. तेल जाईल, पिवळा डाग राहील. इथे हमखास चूक होते. लोक कपड्यांचा साबण किंवा सोडा लावतात आणि डाग लालभडक होतो. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, एवढंच त्यामागचं कारण. घाबरू नका. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी यांनी टिपलं की तो पुन्हा पिवळा होतो. उरलेल्या पिवळ्यावर ऊन चांगलं काम करतं, कारण कर्क्युमिन प्रकाशाने उडतं. बाकी सगळा गालिचा चादरीने झाका, फक्त डागाची जागा उघडी ठेवा आणि सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन तीन-चार दिवस दाखवा.

एवढ्यानेही न गेल्यास हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानातली बाटली २० व्हॉल्यूमची असेल तर ते साधारण ६ टक्के असतं, त्यात तितकंच पाणी घालून ३ टक्के करा. कापसाने डागापुरतं लावा, पंधरा-वीस मिनिटांनी साध्या पाण्याने टिपा. गडद रंगाच्या गालिच्यावर हे टाळा, गालिच्याचा रंगही उडू शकतो. पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एका बाटलीत मिसळू नका, झोंबणारं आम्ल तयार होतं. कपड्यांच्या ब्लीचचं नावच काढू नका. लोकर त्यात विरघळते, आणि व्हिनेगरशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

खर्‍याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणाच्या, डागात सुपारीचं टॅनिन आणि चुना दोन्ही असतात. कोरडे कण आधी ब्रशने काढा. चुन्यासाठी वर सांगितलेलं पातळ व्हिनेगर. ते साध्या पाण्याने टिपून जागा पूर्ण वाळली की मगच उरलेल्या तपकिरी रंगावर पेरॉक्साइड. चहाच्या डागालाही हाच क्रम. जुना डाग फिका होईल, पूर्ण जाईलच असं नाही.

कूलरचे डाग वेगळे. नव्या वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून सुरुवातीला तपकिरी पाणी झिरपतं आणि गालिच्याच्या कडेला कडा असलेलं वर्तुळ उमटतं. बोअरिंगचं जड पाणी असेल तर क्षारांची पांढरी रेघही असते. दोन्हीवर पातळ व्हिनेगर चालतं. फक्त वर्तुळाच्या कडेवर न लावता आतला पूर्ण भाग सारखा ओला करा, नाहीतर आत नवं वर्तुळ तयार होतं. कूलरच्या लोखंडी स्टँडचा किंवा पलंगाच्या पायाचा गंज लागला असेल तर एक पेला पाण्यात एक चमचा लिंबूसत्त्व घालून दहा मिनिटं लावा, मग दोनदा साध्या पाण्याने टिपा.

पेनची शाई असेल तर अल्कोहोलचं सॅनिटायझर कापसावर घेऊन टिपा, कापूस सारखा बदलत राहा. मेण असेल तर बर्फाने कडक करून तोडा, मग खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. सिंथेटिकवर इस्त्री नको, धागा वितळतो.

मेंदीचा डाग लोकरीवर पडला असेल तर श्रम वाचवा. केसांना मेंदी चढते तशीच ती लोकरीला चढते, दोन्हींत केराटिन असतं. उदबत्तीने जळलेलं टोकही धुऊन निघत नाही. लोकरीचं असेल तर काळी टोकं बारीक कात्रीने छाटा, सिंथेटिक वितळलं असेल तर तसंच राहू द्या.

डाग आटोपले की संपूर्ण गालिच्याची सफाई. पाव लिटर कोमट पाण्यात एक चमचा ईझीसारखं लोकरीचं लिक्विड घालून फेटा. लोकर नसली तरी हेच बरं, कारण ते सौम्य असतं. स्पंजवर फक्त फेस घ्यायचा, खालचं पाणी नाही. दोन बाय दोन फुटांचा तुकडा धरा, फेस धाग्यांच्या दिशेने फिरवा आणि लगेच पिळलेल्या ओल्या कपड्याने पुसून घ्या. कपडा धुवायची बादली वेगळी ठेवा, पाणी मातकट झालं की बदला. पाच बाय सातला एकूण एक-दीड लिटर द्रावण पुष्कळ होतं. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ, हे इथे उलटं पडतं. राहिलेला साबण चिकट असतो, धूळ धरतो, आणि आठवड्यात गालिचा पूर्वीपेक्षा मळका दिसतो. शेवटी एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून एक हात फिरवा, साबण सुटतो. मग जुना टॉवेल अंथरून त्यावर पायाने दाब देत चाला, टॉवेल जवळजवळ कोरडा निघेपर्यंत.

वाळवताना एका तारेवर टांगू नका, ओल्या वजनाने मधोमध ताणून वाकडा होतो. खाटेवर किंवा उलट्या ठेवलेल्या चार-पाच प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पसरा, म्हणजे खालूनही हवा लागते. खोलीत असेल तर पंखा चालू, खिडक्या उघड्या, आणि कूलर बंद. कूलरची दमट हवा वाळणं लांबवते, हे उन्हाळ्यात हमखास विसरलं जातं. वाळल्यावर गेलेला डाग पुन्हा वर आला तर समजा की तो तळातून पाण्याबरोबर चढला. तिथे थोडं पाणी लावा, पांढरा कपडा चौपदरी घडी करून ठेवा, वर जाड पुस्तकं रचा आणि रात्रभर तसंच राहू द्या. डाग कपड्यात उतरतो.

सोफ्याच्या पायांनी पडलेले खड्डे लोकरीत निघतात. खड्ड्यात बर्फाचा एक खडा ठेवा, वितळला की टिपा, बोटांनी धागे उभे करा. पॉलिप्रॉपिलीनमध्ये अर्धेच निघतील. पलंगाखालच्या भागात टक्कल पडल्यासारखे चट्टे आणि वाळूसारखे कण दिसले तर ती कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड आहे. ती धुऊन लपत नाही. फोटो काढा आणि घरमालकांना आधीच कळवा, कारण ‘मी दिला तेव्हा नव्हती’ हा वाद नंतर संपत नाही.

भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला कार्पेट असेल, तर घरी फक्त धूळ आणि डाग एवढंच करा. धुण्याला गरम पाणी सोडून लगेच खेचून घेणारं मशीन लागतं. माणूस बोलवताना दर चौरस फुटावर आहे की नगावर, मशीन पाणी खेचतं की फक्त फेस घासतं, वाळायला किती तास लागतील, आणि रंग उतरला तर जबाबदारी कोणाची, हे फोनवरच विचारून घ्या. पावती मागा, त्यावर तारीख असू द्या.

गालिचा पूर्ण वाळला का हे पाठीवर तळहात ठेवून बघा. गार लागला तर अजून एक दिवस. वाळल्यावर गुंडाळा, घडी घालू नका, आणि चावी देईपर्यंत प्लास्टिकऐवजी सुती चादरीत ठेवा. देताना घरमालकांसमोर उलगडा, पुढून-मागून फोटो काढा आणि परिशिष्टात त्या नगासमोर त्यांची सही घ्या. न गेलेले डाग तुम्हीच आधी दाखवा.