नाकाची शस्त्रक्रिया आणि रक्तपुरवठा : या चुका टाळा

ओपन राइनोप्लास्टीत, म्हणजे त्वचा उचलून नाकाला आकार देण्याच्या शस्त्रक्रियेत, कोल्युमेलावर (दोन नाकपुड्यांमधल्या त्वचेच्या खांबावर) आडवा छेद घेतला की तेथून वर चढणाऱ्या धमन्या तुटतात आणि नाकाच्या शेंड्याची त्वचा मुख्यतः दोन्ही बाजूंच्या लॅटरल नेझल धमन्यांवर जगते. या धमन्या नाकपुडीच्या खोबणीच्या साधारण २ ते ३ मिलिमीटर वरून, स्नायूंच्या थरापेक्षा उथळ पातळीवर जातात. म्हणूनच त्वचा उचलताना कूर्चेला अगदी चिकटून राहावे लागते, आणि नेमके हेच घाईत सुटते.

माझ्या हाताखाली शिकणाऱ्या एका डॉक्टरने शेंडा नाजूक दिसावा म्हणून त्वचेच्या आतली चरबी खरवडली आणि नाकपुड्या अरुंद करण्याचा छेद खोबणीच्या वर नेला. मी दुसऱ्या टेबलावरून येईपर्यंत टाके घालून झाले होते. शेंडा पांढरा पडला होता, पण ते सूज आवरणाऱ्या पट्टीमुळे असे समजून तो डॉक्टर निर्धास्त होता. पट्टी काढली, ताण देणारे टाके सोडले, तरी दुसऱ्या दिवशी शेंडा जांभळा झाला आणि नखाएवढी त्वचा गेली. तो व्रण त्या रुग्णाच्या चेहऱ्यावर आजही आहे. शेंडा बारीक करायचा असेल, तर मी कूर्चेला आकार देतो. चरबीला हात लावत नाही. नाकपुडीचा छेद खोबणीतच ठेवतो आणि पट्टी लावण्यापूर्वी शेंडा बोटाने दाबून रंग परततो का, ते स्वतः पाहतो. पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या नाकात हे सारे दुप्पट सावधपणे करावे, कारण जुन्या व्रणांखाली कोणती धमनी शाबूत आहे याची खात्री नसते.

रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अॅड्रेनालिनचे इंजेक्शन दिल्यावर लगेच सुरी उचलू नये. मी घड्याळ लावून दहा मिनिटे थांबतो, आणि ही दहा मिनिटे वाचवणाऱ्याचे पुढचे सारे काम रक्तात होते.

दुर्बिणीने सायनसची शस्त्रक्रिया करताना पुढची एथमॉइड धमनी (डोळ्याच्या खोबणीतून नाकाच्या छताकडे येणारी) कवटीच्या तळाला चिकटलेली आहे की खाली लोंबते, हे सीटी स्कॅनवर आधीच पाहावे. ती तुटून डोळ्याच्या खोबणीत मागे सरकली, तर आत रक्त साचून दृष्टी धोक्यात येते. अशा वेळी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात छेद देऊन दाब तत्काळ उतरवावा लागतो.

नाकाच्या पडद्यात साचलेले रक्त मात्र ‘उद्या पाहू’ म्हणून कधीही ठेवू नये. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती आवरणावर पोसली जाते, आणि आवरण सुटले की काही दिवसांतच कूर्चा विरघळून नाकाचा कणा खाली बसतो.