द्राक्षबागेत फवारणीच्या खोलीवर इशारा कसा लिहावा

निफाड-दिंडोरीकडे कीडनाशकाला सगळे 'औषध'च म्हणतात. औषध आणलं, औषध मारलं. पण फलकावर 'औषधांपासून सावध राहा' लिहिलं की इशारा तिथेच विरतो, कारण औषधाने माणूस बरा होतो. बोलताना काहीही म्हणा, भिंतीवर 'विष' लिहा.

दुसरी गल्लत रंगाची. डब्यावरच्या चौकोनात खाली लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, हिरवा सर्वांत कमी. मात्र शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्याची सवय झालेल्या डोळ्यांना हिरवा म्हणजे 'चालतंय' वाटतं. हा रंग फक्त तत्काळ विषबाधेबद्दल सांगतो. वर्षानुवर्षं अंगावर उडालेल्या फवाऱ्याचं काय होतं, हे त्यात नाही. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक आपल्याकडे हिरव्यात मोडतं, पण युरोपियन युनियनने २०२० मध्ये त्याची मान्यता पुढे वाढवली नाही, आणि त्यामागे प्रजननावरच्या परिणामांची चिंता होती. म्हणून फलकावर लिहा: 'हिरवा त्रिकोण असला तरी हातमोजे आणि मास्क.'

'आरोग्यास हानिकारक' हे शब्द टाळा. सिगारेटच्या पाकिटावर १९७५ च्या कायद्यापासून असंच मोघम वाक्य होतं आणि लोकांची नजर त्यावरून सरावाने घसरायची. २००९ मध्ये खायच्या तंबाखूच्या पुड्यांवर विंचवाचं चित्र आलं. आता विंचवाचा नि कर्करोगाचा संबंध कोणी लावायचा? पुढे 'तंबाखूमुळे वेदनादायक मृत्यू होतो' असं थेट वाक्य आलं आणि २०१८ पासून सोबत व्यसन सोडण्यासाठी फोन नंबरही. नुसती भीती घातली की माणूस नजर फिरवतो. पुढे काय करायचं ते शेजारीच हवं.

खरी कसोटी ऑक्टोबर छाटणीनंतर लागते. वेलीच्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात. ते कातडीतून आणि श्वासातूनही अंगात जातं. त्यानंतर दारू घेतली की शरीराला तिचं पुढचं विघटन नीट करता येत नाही, आणि दारूपासून बनणारा ॲसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ रक्तात साठतो. तोंड लाल होतं, छाती धडधडते, श्वास लागतो, रक्तदाब उतरतो. फलकावर 'दारू पिऊ नका' लिहिलं तर मजुराला तो उपदेश वाटतो. हसून पुढे जातो. तीच गोष्ट अशी लिहा:

'विष. आज पेस्ट चालू आहे.
रबरी हातमोजे घातल्याशिवाय काडीला हात नाही.
____ तारखेपर्यंत दारू घेतली तर छाती धडधडेल, श्वास लागेल.
त्रास झाला तर १०८. डबा सोबत न्या.'

मोकळी जागा खडूने भरायची. किती दिवस ते डब्याच्या लेबलवरून घ्या. आदल्या दिवशीची दारूही नको, हे मात्र तोंडीच सांगावं लागतं, कारण फलक दिसेपर्यंत ती वेळ टळलेली असते. फवारणीनंतर बागेत कधी जायचं हेही तासांत लिहू नका. '२४ तासांनी' यात प्रत्येक जण आपापला हिशेब करतो. 'उद्या सकाळी ८ पर्यंत आत नाही' यात हिशेबच उरत नाही.

पत्र्यावर ऑइलपेंटने रंगवा. उन्हात फ्लेक्स फिका पडतो. १० फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर किमान एक इंच उंच ठेवा, आणि वेलांटी-उकाराला वेगळी जागा सोडा. ओळी पाचाच्या वर नकोत.

लावण्याआधी तपासा. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या अनेक मजुरांच्या घरी कोकणा बोली असते, शिवाय सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. 'समजलं का?' विचारू नका, उत्तर 'हो'च येणार. 'पेस्ट लावून घरी गेलास तर काय करशील?' असं विचारा आणि दोन-तीन जणांकडून ऐका. दारूचा उल्लेख आपणहून आला नाही, तर ओळ बदला.

पेस्ट आटोपून लिहिलेली तारीखही उलटली की फलक उतरवून ठेवा. बारा महिने लटकणारा फलक दुसऱ्या छाटणीपर्यंत भिंतीचाच भाग होतो.